साडेअकरा शेरांची प्रार्थना

माझी प्रार्थना लांब असते, अशी आमच्या मंडळीत जुनी तक्रार आहे. असू द्या. देवाले वेळ कमी आहे, असं मले अजून कोणी सांगितलं नाही. घाई असते ती माणसाईले. कोणाची भाजी चुलीवर असते, कोणाची बकरी सुटलेली असते. पण एक प्रार्थना मी अशी केली का त्यानंतर पंचकमिटीनं ठरावच करून टाकला, का कोणत्याही बाईनं तीन मिनिटांच्या वर प्रार्थना करू नाही. पुरुषाईले ठराव लागू नाही. ते काहून, असं मी उभं राहून विचारलं. त म्हणे, दुर्कसबाई, बसा खाली. बसली मी. पण जे व्हायचं ते त्याच्या आधीच होऊन गेलतं.

एकसष्ट सालची वेचणी होती. आर्णीपासून चार कोसावर आमचं गाव. गावाच्या खालच्या आंगाले आमचा ख्रिस्ती मोहल्ला, पंचवीस घरं आणि मधात पत्र्याचं चर्च. नाल्याच्या पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. मोहल्ल्यातल्या आणि तांड्यातल्या बाया एकाच वावरात कापूस वेचायच्या, आणि ते वावर होतं शमुवेलरावांचं.

शमुवेलराव म्हणजे कोणी परका सावकार नाही. आमचेच. मंडळीचे मोठे पंच. बाप मिशनच्या शाळेत मास्तर होता, यांनी सत्तर एकर काळी जमीन केली. चर्चची नवी घंटा त्यांनीच दिली. घंटेवर त्यांचं नाव कोरलेलं आहे, देवाचं नाही. मी पाळकाले म्हटलं, असं कसं? पाळक म्हणाले, जागा पुरली नसेल. आमचे पाळक गरीब माणूस. त्याईची गहू-ज्वारी शमुवेलरावांच्याच घरून यायची, मंग ते तरी काय बोलतील.

एक गोष्ट त्यांची खरी. रविवारी वावर बंद म्हणजे बंद. आणि प्रार्थनेले कधी चुकले नाहीत. आमच्यात कोणी प्रार्थना करत असला का बाकीचे डोळे मिटून बसतात, आणि करणारा जरा थांबला का सगळे 'आमेन' म्हणतात. आमेन म्हणजे तसंच होवो, आम्हाले कबूल आहे. तो काही खोकला नव्हे, ती सही आहे. शमुवेलरावांचं आमेन सगळ्यात मोठं. पाळकानं श्वास घ्याले तोंड उघडलं का यांचं आमेन. खळ्यातले बैल मान वर करायचे. एकदा पाळक म्हणाले, "हे प्रभू, आमच्यात कोणी ढोंगी असेल त त्याले..." आणि दम घ्याले थांबले. शमुवेलरावांनी असं दणकून आमेन घातलं का पाळक पुढचं विसरून गेले. मी तेव्हाच ओळखलं, हा माणूस ऐकत नाही, नुसती सही मारते.

आता धोंड्याचं सांगते. वेचणीची मजुरी वजनावर असते. दिवस कलला का बांधावरच्या बाभळीले काटा टांगायचा. एका पारड्यात आपला कापूस, दुसऱ्यात दहा शेराचा धोंडा. किलो येणार येणार म्हणत होते, पण आमच्याकडे अजून शेरच चालत होते, आणि वावरात लोखंडी मापं कोण नेते? धोंडाच. काट्यावर शमुवेलरावांचा माणूस, उकंडा. धोंड्याले हात लावायचा नाही, हा उकंड्याचा नियम. कायले लावायचा नाही, ते त्यानं सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

विचारलं भुरीबाईनं. तांड्यातली. चाळिशीची असंल, नवरा साप चावून मेलेला, घरी म्हातारी सासू. वेचणीत तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. त्या दिवशी सकाळपासून कमर मोडून वेचलं, आणि धोंड्यानं दोनदा मोजल्यावर उरलेल्या कापसानं तिसऱ्यांदा काटा काही हलेना. ती पुढं झाली आणि तिनं धोंडा उचलला. सरळ छातीशी. उकंडा म्हणे, ठेव खाली. तिनं ठेवला नाही. डोळे मिटले, धोंडा जरा वर-खाली केला, आणि म्हणे, "हा दहाचा नाही. साडेअकराचा आहे."

उकंडा हसला. म्हणे, "तुझ्या हातात काय काटा आहे?"

"हाव," ती म्हणे. "आमच्या बापजाद्याईनं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं, गहू वाह्यले, मुलूख तुडवला. गोणी दोन्हीकडं सारखी नसली का बैलाची पाठ सोलते. माझ्या बापानं मले चालायच्या आधी वजन शिकवलं."

तेवढ्यात शमुवेलराव बांधावर आले. रागावले नाहीत. त्याईले रागवायची गरजच पडत नाही. त्याईनं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उकंडा, उद्यापासून हिले घेऊ नको. आणि आजूबाजूच्या कास्तकाराईलेही सांगून ठेव, का ही बाई भांडखोर आहे."

भुरीबाईनं माझ्याकडं पाह्यलं. ओळीत मीच तिच्या बाजूला उभी होती. म्हणे, "दुर्कसबाई, तू उचलून पाह्य. तू सांग त्याईले."

मले तोंड आहे, हे सारं गाव सांगल. बाजारात मी वांगेवाल्याले रडवलं आहे. पण त्या दिवशी मी खाली वाकली आणि माझं गाठोडं बांधत बसली. गाठ पक्की होती, तरी बांधत बसली. तोंड कुठं गेलतं, म्हणाल? खोटं कायले बोलू. भ्यालं. माझं घर शमुवेलरावांच्या जागेत, माझी वेचणी त्याईच्या वावरात. आणि मनात म्हटलं, प्रभू पाहून घेईल. असं आमच्यात म्हणतात, सोपं असते.

पंधरा दिवस गेले. शनिवारी भुरीबाई माझ्या दारात. माझा उसना नेलेला विळा परत द्याले आलती. म्हणे, "ठेवून घे. मंगळवारी मी राजूरले चालली. तिकडं खाणीवर कोळसा भरायचं काम भेटते म्हणे. इथं कोणी उभं करून नाही राह्यलं."

"आणि सासू?"

"तिले दिसत नाही, पण चूल पेटवते. लोकं पाहतील." एवढं बोलून गेली. एक शब्द मले लागंल असा बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या त मी दोन परत दिल्या असत्या, आणि दोघी मोकळ्या झालो असतो. विळा घासून आणलता तिनं. मले असा राग आला का विचारू नका. शमुवेलरावांचा कमी, माझा जास्त.

आणि पाहा देवाची करणी. मी विळा हातात घेऊन उभीच होती आणि समोरून शमुवेलराव आले. नवा कोट, हसतमुख. म्हणे, "दुर्कसबाई, उद्या चार वाजता आमच्या घरी प्रार्थनासभा आहे. यवतमाळहून मोठे पाळक येऊन राह्यले. जिल्ह्याच्या कमिटीवर एक पंच घ्यायचा आहे. शेवटची प्रार्थना तू कर. आमच्या घराचं घे, घंटेचं घे. आणि चांगली लांब कर. त्याईले दिसलं पाहिजे, आपल्या मंडळीत किती आत्मा आहे ते."

"लांब करू?" मी विचारलं.

"जेवढी होईल तेवढी," ते म्हणाले.

आता तुम्हीच सांगा, यात माझा काय दोष? त्याईनं सांगितलं, मी केली.

मी तशीच नाला ओलांडून तांड्यावर गेली. भुरीबाईले म्हटलं, "उद्या चार वाजता शमुवेलरावांच्या ओसरीच्या खाली येऊन बस."

"कायले?"

"नुसती बस. तोंड उघडू नको. मीच उघडते."

तिनं माझ्याकडं असं पाह्यलं, जसं बाई आंबलेल्या दुधाकडं पाहते. पण आली.

रविवारी शमुवेलरावांच्या घरी पुरणाचा स्वयंपाक होता. मोठे पाळक जेवले, शमुवेलराव त्याईच्या दुप्पट जेवले. मोठे पाळक म्हणजे सुकलेला माणूस, जाड चष्मा, आवाज बारीक, पण ऐकणारा. तुम्ही बोललात का तो तुमच्या तोंडाकडं पाहायचा. असे माणसं कमी असतात. ओसरीवर जाजम टाकलं, मोहल्ला सारा आला. आमचे पाळक आले, उकंडाही खांबाजवळ उभा होता. आणि ओसरीच्या कोपऱ्यात, गाडीच्या जुन्या चाकाजवळ, तो धोंडा. रविवारी वावर बंद, म्हणून धोंडाही सुट्टीवर होता.

गीतं झाली, वचन झालं, मंग शमुवेलराव म्हणाले, "आता आमच्या दुर्कसबाई प्रार्थना करतील." सगळ्याईनं डोळे मिटले. मी पण मिटले. खरं म्हणजे एकच मिटला.

देवाशी मी शुद्ध भाषेत बोलते. मिशनच्या मडमेनं लहानपणी शिकवलं ते अंगात बसलं. म्हटलं, "हे दयाळू व कृपाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी लेकरं नम्रपणे तुझ्या चरणांजवळ आलो आहोत." जरा थांबली.

"आमेन," शमुवेलरावांचं. बाकीच्याईचं त्याच्या मागून.

"या घराबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. या घरातल्या अन्नाबद्दल, पुरणाबद्दल, तुपाबद्दल." आमेन. "गोठ्यातल्या आठ बैलांबद्दल." आमेन. "तुझा दास शमुवेल याने दिलेल्या घंटेबद्दल, आणि त्या घंटेवरच्या नावाबद्दल." हे आमेन पार नाल्यापर्यंत गेलं असंल.

मी असंच चालू ठेवलं. विहिरीबद्दल, आंब्याबद्दल, कोटाबद्दल. प्रत्येकावर थांबली, आणि प्रत्येकावर आमेन आलं. हळूहळू त्याची एक चाल बसली. शमुवेलरावांची मान खाली गेली, पोटावर हात आले. माणूस जेवलेला होता, वरून माझा आवाज. उघड्या डोळ्यानं मी पाह्यलं, ते आता फक्त माझ्या थांबण्याची वाट पाहून राह्यलेले होते, शब्दाची नाही.

"प्रभू, तू सगळं पाहतोस," मी म्हटलं. आमेन. "तुला वावर दिसतं, वावरातला काटा दिसतो." आमेन. "काट्याच्या पारड्यातला धोंडाही दिसतो."

इथं आमेन जरा विस्कटलं. मोहल्ल्यातल्या बायाईनं अर्धंच म्हटलं. उकंड्याचे डोळे टक्कन उघडले. पण शमुवेलरावांचं आमेन पुरं आलं, आणि वेळेवर आलं.

मनात म्हटलं, दुर्कस, आता थांबली त मेली. आणि माझी शुद्ध भाषा कुठल्या कुठं पळाली.

"त मंग देवा, तुह्या या दासाच्या मनात आज तूच एक गोष्ट घातली. का तो धोंडा दहाचा आहे का साडेअकराचा, ते आजच, दिवस मावळायच्या आंदर, सगळ्या मंडळीसमोर, मोठ्या पाळकासमोर, सोसायटीतल्या लोखंडी मापानं मोजून टाकाव. आणि धोंडा खोटा निघाला त उद्यापासून लोखंडी मापं वावरात न्याव. आणि जिनं हे सांगितलं त्या भुरीबाईले सगळ्याईदेखत परत कामावर घ्याव. असं त्यानं आज तुह्यासमोर कबूल केलं, प्रभू."

आणि मी थांबली.

"आमेन!" शमुवेलराव गरजले.

बाकी कोणीच बोललं नाही. एकटंच आमेन. ते एकटं ऐकूनच त्याईचे डोळे उघडले, कारण त्याईच्या आमेनच्या मागं कोणी आलं नाही, असं आजपर्यंत कधी झालं नव्हतं. त्याईनं इकडंतिकडं पाह्यलं. सारे त्याईच्याकडंच पाहून राह्यले होते. मले हसू फुटून राह्यलं होतं, ते मी पदरात कोंबलं आणि लोकाईले वाटलं का बाई आत्म्यानं भरून रडून राह्यली.

मोठे पाळक उठले. खरोखर त्याईचे डोळे भरलते. त्याईनं शमुवेलरावांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "भाऊ, पंचवीस वर्षं मी सभा घेतो. एवढा मोठा कास्तकार स्वतःचा काटा सगळ्यांसमोर तपासायला देतो, हे मी आज पहिल्यांदा पाहिलं. माझी एस.टी. गेली तरी चालेल. चला."

"नाही, म्हणजे..." शमुवेलराव म्हणाले, "ते प्रार्थनेच्या भरात..."

"भरात नाही, प्रेरणेत," मोठे पाळक म्हणाले, आणि स्वतः ओसरीच्या पायऱ्या उतरले.

आता नाही म्हणावं त आमेन खोटं होते, आणि आमेन खोटं झालं त जिल्ह्याची कमिटी गेली. धोंडा उकंड्याच्या डोक्यावर चढला. पुढं मोठे पाळक, मागं शमुवेलराव, मंग सारा मोहल्ला, आणि सगळ्याच्या शेवटी भुरीबाई. सोसायटीचा चपराशी मारोती घरात झोपलता, त्याले उठवून कुलूप उघडलं.

मारोतीनं दहा शेर लोखंड एका पारड्यात टाकलं, दुसऱ्यात धोंडा. धोंड्याचं पारडं जमिनीले टेकलं ते टेकलंच. एक शेर आणखीन टाकला. हललं, पण उठलं नाही. मंग अर्धा शेर. काटा सरळ झाला, आणि असा सरळ झाला का इकडं नाही आणि तिकडं नाही.

"साडेअकरा," मारोती म्हणाला. त्या बिचाऱ्याले काय माहीत, आपण काय बोललो ते.

सगळे भुरीबाईकडं पाहाले लागले. मोठे पाळक तर चष्मा पुसून पाहाले लागले. शमुवेलराव म्हणाले, "मागच्या महिन्यात पाऊस पडलता. धोंडा भिजला असंल." आमचे गरीब पाळक, जे कधी काही बोलत नाहीत, ते खाली पाहून म्हणाले, "पंचसाहेब, धोंडा काही कापूस नाही." त्या एका वाक्यासाठी मी त्याईले पुढं जन्मभर लोणचं पोचवलं.

शमुवेलरावांनी घसा साफ केला. भुरीबाईकडं न पाहता म्हणाले, "उद्यापासून येत जाय." मंग माझ्याजवळून जाताना हळूच म्हणे, "दुर्कसबाई, तू हे देवाले सांगितलं का मले?"

"देवाले त आधीच माहीत होतं," मी म्हटलं.

मी मोठ्या खुशीत होती. नाल्यापर्यंत भुरीबाईले सोडाले गेली. मले वाटलं, आता ही माझ्या गळ्यात पडल. ती चालता चालता थांबली. म्हणे, "एक विचारू? त्या दिवशी वावरात मी तुले दोन शब्द मागितले. तुह्या तोंडातून एक निघाला नाही. आज एवढे निघाले. तुमच्यात तोंड उघडाले डोळे मिटाच लागते काय वं?"

माझी खुशी तिथंच नाल्यात बसली. मी म्हटलं, "भ्याली होती मी, भुरी." ती म्हणे, "मी पण भ्याली होती." आणि नाला ओलांडून गेली.

सोमवारी दिवस कलला. बाभळीले काटा टांगला, लोखंडी मापं चमकून राह्यली होती. शमुवेलराव बांधावर हात मागं बांधून उभे. भुरीबाईचं गाठोडं चढलं. आणि मी पाह्यलं, उकंड्याचा गुडघा हळूच कापसाच्या पारड्याच्या खाली गेला. मापं खरी, त गुडघा खोटा. कोणाले दिसलं, कोणाले नाही, पण मले दिसलं. आणि शमुवेलरावांनी पाह्यलं का मले दिसलं.

आता प्रार्थना नव्हती. मोठे पाळक यवतमाळले गेलते. लपाले एक पान नव्हतं.

"उकंडा, गुडघा काढ," मी म्हटलं.

उकंड्यानं मालकाकडं पाह्यलं. मालकानं माझ्याकडं. या वेळी डोळे मी दोन्ही उघडे ठेवले.

"गुडघा काढ रे," मी पुन्हा म्हटलं. "तो शेरात धरत नाहीत."

तांड्याच्या बाया हसल्या, मंग मोहल्ल्याच्या हसल्या. उकंड्यानं गुडघा काढला. पारडं खाली आलं, सरळ, आपल्या वजनानं.

भुरीबाईनं माझ्याकडं पाह्यलं आणि म्हणाली, "आमेन."

तिच्या मागून तांड्याच्या साऱ्या बायाईनं म्हटलं, घागऱ्याले हात पुसत पुसत. शमुवेलरावांचंही तोंड उघडलं होतं, सवय ती सवय. पण त्या दिवशी त्याईनं आधी ऐकलं, आणि मंग मिटलं.